शस्त्रांची किंमत कोणी मोजायची?

डेन्मार्कमध्ये वसंत ऋतूत येणारी ‘महाप्रार्थना दिना’ची सार्वजनिक सुट्टी १६८६ पासून पाळली जात होती. २०२४ पासून ती रद्द झाली. लोकांनी वर्षातून एक दिवस अधिक काम केले तर सरकारी तिजोरीत सुमारे ३ अब्ज क्रोनरची भर पडेल आणि वाढत्या संरक्षण खर्चाला तिचा हातभार लागेल, असे समर्थन तेथील सरकारने केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कामगार संघटनांच्या हाकेला ओ देऊन हजारो लोक कोपनहेगनमध्ये संसदेसमोर जमले. तरीही महिनाअखेर कायदा संमत झाला. कायदा आणणाऱ्या संयुक्त सरकारचे नेतृत्व सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. रक्कम लहान, सुट्टीही एका दिवसाची. पण या घटनेत जो प्रश्न दडला आहे तो आज साऱ्या युरोपपुढे उभा आहे. युरोप शस्त्रसज्ज होत आहे. या सज्जतेचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार?

हा भार किती मोठा आहे हे आकड्यांवरून दिसते. २०१४ साली वेल्समध्ये भरलेल्या नाटो परिषदेत सभासद राष्ट्रांनी आपल्या एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठरविले होते. अनेक राष्ट्रांना दहा वर्षांत तेही जेमतेम गाठता आले. जून २०२५ मध्ये हेग येथे हेच उद्दिष्ट ५ टक्क्यांवर नेण्यात आले. २०३५ पर्यंत साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्य व शस्त्रे यांवर आणि दीड टक्का रस्ते, बंदरे, दळणवळण सुरक्षा अशा पूरक बाबींवर खर्च व्हावयाचा आहे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या शांतता-संशोधन संस्थेच्या मोजदादीप्रमाणे २०२४ साली रशियासह संपूर्ण युरोपचा लष्करी खर्च ६९३ अब्ज डॉलरांवर गेला. एका वर्षातील ही वाढ १७ टक्क्यांची आहे. एकट्या जर्मनीचा खर्च २८ टक्क्यांनी वाढून ८८.५ अब्ज डॉलर झाला.

युरोपला वाटणारी भीती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. २०२४ साली युक्रेनला आपल्या उत्पादनाच्या ३४ टक्के रक्कम युद्धावर खर्च करावी लागली. रशियाच्या राज्यकर्त्यांनीही ७.१ टक्के रक्कम शस्त्रांत ओतली आणि तिची किंमत रशियन जनताच मोजत आहे. शस्त्र हातात घेणे हेच पाप आहे, असा उपदेश कीव्हच्या नागरिकाला करणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. आक्रमणाचा प्रतिकार करण्याचा अधिकार लहान राष्ट्रांनाही आहे. तेव्हा वाद संरक्षण असावे की नसावे असा नाहीच. ते किती असावे, कशासाठी असावे, त्याचा पैसा कोठून यावा आणि हे सारे कोणी ठरवावे, हा खरा वाद आहे.

हा वाद समाजवादी चळवळीला नवा नाही. कोरियन युद्धाच्या काळात, जानेवारी १९५१ मध्ये, ब्रिटनच्या मजूर सरकारने तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चाचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी पैसा उभा करताना अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी एप्रिलच्या अंदाजपत्रकात दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसविला. राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली ती मोफत सेवेच्या तत्त्वावर. तिचे शिल्पकार अनायरिन बेव्हन यांनी या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हॅरोल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. बेव्हन शस्त्रसज्जतेच्या विरुद्ध नव्हते. त्यांचे म्हणणे दुहेरी होते. हा कार्यक्रम देशाच्या उत्पादनशक्तीला पेलणारा नाही, कारण तेवढा कच्चा माल आणि तेवढी यंत्रे उपलब्धच नाहीत. आणि शेकडो कोटींच्या खर्चापुढे नगण्य असलेली रक्कम रुग्णाच्या चष्म्यातून वसूल करणे म्हणजे तत्त्वालाच सुरुंग लावणे आहे. त्याच वर्षी मजूर पक्षाची सत्ता गेली. पुढे आलेल्या चर्चिल यांच्या हुजूर सरकारला तो कार्यक्रम मुदतीत पुरा होणे शक्य नाही हे मान्य करून तो लांबणीवर टाकावा लागला. बेव्हन यांचा हिशेब बरोबर ठरला; पण चष्म्यावरचा आकार मात्र कायम राहिला. संकटाच्या नावाने लादलेला बोजा संकट ओसरल्यावर आपोआप उतरत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

तो धडा आज विसरला जात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारने संरक्षण खर्च २०२७ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी परदेशांना द्यावयाची विकास मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणण्याचे ठरविले. आफ्रिका व आशियातील ज्या दरिद्री माणसांना ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क नाही, त्यांच्या तोंडचा घास काढणे सर्वांत सोपे होते. विकास खात्याच्या मंत्री ॲनेलीज डॉड्स यांनी या निर्णयावर राजीनामा दिला. फ्रान्समध्ये जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष माक्राँ यांनी संरक्षणासाठी दोन वर्षांत साडेसहा अब्ज युरोंची वाढ जाहीर केली. त्याच आठवड्यात पंतप्रधान बायरू यांनी सुमारे ४४ अब्ज युरोंच्या काटकसरीची योजना मांडली. निवृत्तिवेतन व सामाजिक साहाय्य गोठविणे आणि दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करणे असे तिचे स्वरूप होते. त्या दोन सुट्ट्यांपैकी एक होती ८ मेची, म्हणजे नाझीवादाच्या पराभवाच्या स्मृतिदिनाची! सप्टेंबरमध्ये संसदेने बायरू सरकारच खाली खेचले.

पैसा नाही असे जनतेला वर्षानुवर्षे ऐकविले गेले. २०१० नंतरच्या दशकात ग्रीसच्या वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि रुग्णालयांचा खर्च कापताना युरोपीय संघाचे वित्तीय नियम अपरिवर्तनीय निसर्गनियमांसारखे पुढे केले गेले. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ८०० अब्ज युरोंपर्यंतची शस्त्रसज्जतेची योजना मांडली, तेव्हा तेच नियम शिथिल झाले. याच महिन्यात जर्मनीने आपल्या घटनेतील कर्जमर्यादा बदलली. एक टक्क्यावरील संरक्षण खर्चासाठी आता कर्जाला मर्यादा नाही. रेल्वे, पूल, शाळा, रुग्णालये यांच्यासाठीही ५०० अब्ज युरोंचा निधी उभारला गेला, हे नमूद केले पाहिजे. परंतु त्या निधीला रकमेची आणि १२ वर्षांची मर्यादा आहे. शस्त्रांना कोणतीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तर आजची कल्याणकारी व्यवस्था देशाच्या उत्पादनातून यापुढे पेलता येणार नाही, असे चॅन्सेलर मेर्झ यांनी सांगून टाकले. म्हणजे नियम पैशाचे नव्हतेच. ते अग्रक्रमाचे होते, आणि अग्रक्रम राज्यकर्त्यांनी ठरविलेले होते.

शस्त्रनिर्मितीने रोजगार वाढेल असे सांगितले जाते. जर्मनीतील गोर्लित्स येथे १८४९ पासून रेल्वेचे डबे बांधले जात. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या करारानुसार तो कारखाना रणगाड्यांचे भाग बनविणाऱ्या कंपनीकडे जात आहे. काम करणाऱ्या सुमारे ७०० जणांपैकी निम्म्या किंवा त्याहून काही अधिक लोकांच्याच नोकरीची हमी मिळाली. दारे बंद होण्यापेक्षा हे बरे, असे त्या कामगारांना वाटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण सार्वजनिक वाहतुकीची गरज असताना डबे बांधणारे कुशल हात रणगाड्याकडे वळावेत, ही त्यांची निवड नव्हती. शस्त्रोद्योग भांडवलप्रधान असतो. त्याच पैशात शाळा आणि रुग्णालये अधिक माणसांना काम देतात. शिवाय हा पैसा युरोपातच राहतो असेही नाही. २०२० ते २०२४ या काळात नाटोतील युरोपीय राष्ट्रांनी आयात केलेल्या शस्त्रांपैकी ६४ टक्के अमेरिकेकडून आली.

याचे राजकीय परिणाम अधिक गंभीर आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत जर्मनीतील अतिउजव्या ‘ए एफ डी’ पक्षाने २०.८ टक्के मते मिळविली, म्हणजे चार वर्षांत आपली ताकद दुप्पट केली. गोर्लित्सच्या मतदारसंघात याच पक्षाचा उमेदवार निवडून आला. बंद पडलेले दवाखाने, परवडत नसलेली घरे आणि वाढते वीजदर यांतून साचलेला संताप परकीयांविरुद्ध वळविणे या पक्षांना सहज जमते. लोकशाहीच्या रक्षणासाठी शस्त्रे घ्यावयाची आणि त्यांची किंमत अशी वसूल करावयाची की लोकशाहीवरचा लोकांचा विश्वासच उडावा, हे संरक्षण नव्हे. सीमेवर तोफ उभी राहील, पण मागचे घर पोखरलेले असेल.

यावर पर्याय नाही असे म्हणणे खरे नाही. पाच टक्क्यांचे उद्दिष्ट कल्याणकारी राज्याशी विसंगत आहे असे सांगून स्पेनचे समाजवादी पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी २.१ टक्के आपल्याला पुरेसे असल्याचे हेग येथे ठामपणे मांडले. आधी टक्का ठरवून मग गरजा शोधण्याऐवजी आधी गरजा ठराव्यात, हा त्यातील सरळ विचार आहे. प्रत्येक राष्ट्राने वेगळी शस्त्रे वेगळ्या दराने घेण्याऐवजी एकत्रित खरेदी केली तर त्याच पैशात अधिक काम होईल. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनने कंपन्यांच्या युद्धकालीन जादा नफ्यावर विशेष कर बसविला होता. १९४० साली तो शंभर टक्क्यांवर गेला. संकट सर्वांचे असेल तर त्यातून गब्बर होण्याचा अधिकार कोणालाच नसावा, हे तेव्हा भांडवलशाही राष्ट्रालाही पटले होते. आणि शस्त्रसज्जतेबरोबरच निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींचा आग्रह सुटता कामा नये. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९८७ चा करार २०१९ मध्ये मोडीत निघाला. त्याची जागा अद्याप रिकामीच आहे.

युरोपातील समाजवादी पक्षांची कसोटी येथे आहे. संरक्षणाला मत देताना त्याची किंमत कोणी मोजायची या प्रश्नावर त्यांनी मौन पाळले, तर कामगार त्यांना सोडून जातील, आणि गेलेला कामगार कोठे जातो हे गोर्लित्सने दाखविले आहे. बेव्हन यांनी १९५१ मध्ये सत्तेपेक्षा हा प्रश्न मोठा मानला. आज तो विचारण्यासाठी राजीनाम्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अंदाजपत्रक मांडले जाते त्या दिवशीच तो विचारला गेला पाहिजे.