विश्लेषण : जिममधल्या ‘कोर्स’नंतर पुरुषांची छाती का वाढते? त्यावर उपाय कोणते?

भोसरी, चिंचवड, तळेगाव, चाकण या पट्ट्यात कारखान्यांच्या बरोबरीने जिमही वाढल्या. पाळी संपवून व्यायामाला येणाऱ्या तरुणाला काही ठिकाणी प्रोटीनच्या डब्यासोबत हार्मोनचा ‘कोर्स’ही सुचवला जातो. दंड भरतात, छाती रुंदावते. पण काही महिन्यांत स्तनाग्राखाली दुखरी गाठ हाताला लागते. जिमच्या भाषेत यालाच ‘गायनो’ म्हणतात. त्यावर उपचार आहेत. मात्र औषधाचा गुण येण्याचा काळ मर्यादित असतो आणि तो अनेकदा लाजेपायी निघून जातो.

नेमका त्रास काय?

गायनेकोमॅस्टिया म्हणजे पुरुषाच्या स्तनातील ग्रंथींची वाढ. स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी, किंचित हलणारी चकती जाणवते. एका किंवा दोन्ही बाजूंना, दुखरी किंवा न दुखणारी असू शकते. वजन वाढल्याने छातीवर नुसती चरबी साठते, तेव्हा अशी चकती लागत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चरबी वजन घटवल्यावर कमी होते. वाढलेली ग्रंथी दंड-बैठका किंवा बेंच प्रेसने जात नाही.

वयात येणाऱ्या मुलांमध्येही अशी वाढ दिसते. ती बहुतेकदा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते.

पुरुषी हार्मोन घेऊन स्तन का वाढतात?

शरीरात अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्रीत्वाशी निगडित हार्मोनमध्ये, रूपांतर करते. बाहेरून भरमसाट टेस्टोस्टेरॉन किंवा डायनाबॉलसारखे स्टेरॉइड घेतले की इस्ट्रोजेनही वाढते आणि स्तनग्रंथींना चालना मिळते.

दुसरा फटका कोर्स थांबवल्यावर बसतो. बाहेरून हार्मोन मिळत असल्याने मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश बंद पडलेला असतो. इंजेक्शन थांबते, पण शरीराचे स्वतःचे उत्पादन लगेच सुरू होत नाही. टेस्टोस्टेरॉन घसरते आणि त्या तुलनेत इस्ट्रोजेन वरचढ ठरते. त्यामुळेच काहींची छाती कोर्स संपल्यावर वाढू लागते. शुक्राणूंची संख्याही याच कारणाने घटते. ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

डब्यात काय, सुईत काय?

नियमानुसार आरोग्यपूरक खाद्यपदार्थांत हार्मोन किंवा स्टेरॉइड मिसळता येत नाहीत. टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण लेबलवर किती विसंबायचे, हा प्रश्न उरतोच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ३६ प्रोटीन उत्पादने तपासली गेली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के उत्पादनांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात व्यायाम करणाऱ्यांना मेफेंटरमाइन इंजेक्शन बेकायदा विकणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. हे औषध हार्मोन नाही. भूल देताना घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी ते वापरतात आणि त्याचा थेट धोका हृदयाला असतो. मात्र ‘ताकदीचे इंजेक्शन’ या एकाच नावाखाली दोन्ही गोष्टी खपतात. कुपीत काय होते, हे घेणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर डॉक्टरांचे निदानही अवघड होते. म्हणून कुपी, वेष्टन किंवा त्यांचा फोटो जपून ठेवावा.

डॉक्टर काय तपासतात?

आधी छाती आणि वृषणांची तपासणी होते. मग गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, एलएच, प्रोलॅक्टिन, एचसीजी, थायरॉइड, यकृत व मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी सांगितली जाते. कारण दोष प्रत्येक वेळी स्टेरॉइडचा नसतो. वृषणातील गाठ, यकृताचा आजार, स्पायरोनोलॅक्टोन किंवा केस गळतीवरचे फिनास्टेराइड यांमुळेही स्तन वाढू शकतात.

स्तनांच्या एकूण कर्करोगांत पुरुषांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. तरीही गाठ कडक असेल, स्तनाग्रापासून बाजूला असेल, रक्तमिश्रित स्राव येत असेल, स्तनाग्र आत ओढले गेले असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर तपासणी लांबवू नये.

औषधाने बरे होते का?

पहिला उपाय म्हणजे कारण थांबवणे. वाढ नुकतीच सुरू झाली असेल तर काहींची गाठ एवढ्यानेच ओसरते. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतलेल्यांना थांबल्यावर थकवा, लैंगिक इच्छा कमी होणे आणि तीव्र नैराश्य येऊ शकते. त्यामुळे हे काम हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे.

गाठ दुखत असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टर टॅमॉक्सिफेन काही महिन्यांसाठी देतात. मूळचे स्तनकर्करोगाचे हे औषध ग्रंथींवरील इस्ट्रोजेनचा परिणाम अडवते. मात्र पहिल्या सहा महिन्यांत ते जितके उपयोगी पडते, तितके नंतर पडत नाही. साधारण वर्षभरानंतर ग्रंथीच्या जागी तंतुमय ऊती तयार होतात आणि मग गोळीचा फारसा परिणाम होत नाही.

जिममध्ये हेच औषध कोर्सनंतरचा ‘बंदोबस्त’ म्हणून चिठ्ठीविना वाटले जाते. त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढू शकतो. शिवाय दुखणे दबल्याने कोर्स सुरूच राहतो आणि तपासणी लांबते.

शस्त्रक्रिया कधी?

गाठ वर्षाहून जुनी असेल, औषधाने कमी झाली नसेल आणि त्रास देत असेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो. लायपोसक्शनने चरबी काढली जाते आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढली जाते. घट्ट ग्रंथी असताना नुसते लायपोसक्शन पुरत नाही. त्यानंतर काही आठवडे छातीवर घट्ट बनियन घालावे लागते. जड उचलण्याच्या कामावरची सुट्टीही त्या हिशेबाने ठरवावी लागते.

रक्त किंवा पाणी साचणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, छातीला खळगा पडणे हे संभाव्य धोके आहेत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्टेरॉइड सुरू केले तर उरलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते. त्यामुळे आधी स्टेरॉइड पूर्ण बंद, मग शस्त्रक्रिया, हाच क्रम योग्य.

खर्चाचे काय?

केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. वैद्यकीय गरज डॉक्टरांनी लेखी नोंदवली असेल तरच दाव्याला आधार मिळतो. म्हणून विमा कंपनीची पूर्वपरवानगी आधी घ्यावी. हप्त्यांवर शस्त्रक्रियेची जाहिरात पाहून थेट दाखल होण्याआधी पिंपरीतील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा पुण्यात ससूनमध्ये दाखवता येते. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगारांसाठी चिंचवडला मोहननगरचे रुग्णालय आहे.

लष्कर भरतीच्या वैद्यकीय तपासणीतही वाढलेली स्तनग्रंथी अपात्रतेचे कारण ठरू शकते. त्या तयारीतल्या मुलांनी तर वाट पाहूच नये.

डॉक्टरांना काय सांगायचे?

काय घेतले, किती आणि केव्हापासून, हे खरे सांगावे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि स्वतःच्या शरीरासाठी मदत मागणे हा गुन्हा नाही. पहिल्या महिन्यात दाखवलेली गाठ कदाचित गोळीने किंवा गोळीविनाही जाईल. तीच दोन वर्षे सैल शर्टाखाली लपवली, तर बहुधा शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही.