शिडी कोणी उभारली?

मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांना एक कथा फार प्रिय आहे. पूर्व युरोपातून गाठोडे घेऊन न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलेला निर्धन ज्यू, शिवणखान्यातले त्याचे काबाडकष्ट, आणि एका पिढीत डॉक्टर, वकील, प्राध्यापक झालेली त्याची मुले! मिल्टन फ्रीडमन यांनी १९८० सालच्या आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत स्वतःच्या आईचाच दाखला दिला होता. चौदाव्या वर्षी अमेरिकेत आलेल्या त्या मुलीला ‘स्वेटशॉप’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शिवणखान्याने काम दिले, म्हणून तिला तेथे पाय रोवता आले, असे त्यांचे म्हणणे. तात्पर्य काय, तर शिवणखान्याला नावे ठेवू नका, कायद्याने त्याचे हात बांधू नका. तोच गरिबांची शिडी आहे. अर्थशास्त्र शिकवीत असताना हे तात्पर्य मी विद्यार्थ्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकले. आजही कामगार कायद्यांचा विषय निघाला की ते नव्या वेष्टनात पुढे केले जाते. म्हणून ते तपासणे अगत्याचे आहे.

१८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. तेव्हापासून १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचे दार जवळजवळ बंद होईपर्यंत वीस लाखांहून अधिक ज्यू तेथे गेले. त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये दाटीवाटीने राहिला. पाच-सहा मजली इमारती, आतल्या खोलीला उजेड नाही, भाडे भागविण्यासाठी घरात ठेवलेला पोटभाडेकरू, आणि पुढच्या खोलीत दिवसभर चालणारे शिवणयंत्र. मूल कापडाच्या गाठोड्यांतच झोपे, तीच गाठोडी पाठीवर घेऊन कंत्राटदाराकडे पोचवी. मजुरी नगावर, हंगाम सरला की चूल थंड. या घराला बाजाराने दिले ते एवढेच.

मग त्या मुलाचे जिणे बदलले कशाने? १९०२ च्या मे महिन्यात कोशर मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८ सेंटांवर गेला, तेव्हा त्या वस्तीतील गृहिणींनी रस्त्यावर उतरून बहिष्कार पुकारला. १९०७ च्या हिवाळ्यात भाडेवाढीविरुद्ध संप झाला. त्याच्या पुढाऱ्यांत पॉलिन न्यूमन ही कोवळ्या वयाची कामगार मुलगी होती. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची सावध भाषणे ऐकून कंटाळलेली क्लारा लेमलिख उठली, तिने यिडिशमध्ये सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला, आणि सुमारे वीस हजार शिवणकामगार, त्यांतही बहुतेक मुली, कामाबाहेर पडल्या.

ट्रँगल कंपनीच्या मालकांनी मात्र संघटनेला मान्यता दिलीच नाही. २५ मार्च १९११ रोजी त्यांच्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन तरुणी होत्या. मालकही ज्यू स्थलांतरितच होते, ही गोष्ट विसरता कामा नये. धर्म एक, भाषा एक, मायदेश सोडण्याचे दुःखही एक. तरी दरवाजा बंदच राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यायालयाने मालकांना निर्दोष सोडले. बाजाराने त्यांना शिक्षा केली नाही. लोकांच्या संतापाने राज्याला चौकशी आयोग नेमणे भाग पाडले, आणि त्या आयोगाच्या कामातून आगप्रतिबंधक व कामाच्या तासांचे कायदे आले.

शिक्षणाचेही तेच. ज्यूंना विद्येची ओढ होती, हे खरे. परंतु ओढीने शाळेची फी भरली जात नाही. फी नसलेल्या सरकारी शाळा, १९०२ साली शाळांतून नेमलेल्या परिचारिका, १९०३ साली सेवर्ड पार्कमध्ये पालिकेने बांधलेले क्रीडांगण, सार्वजनिक ग्रंथालये आणि शिकवणी शुल्क न घेणारे सिटी कॉलेज ही सारी समाजाच्या पैशाने उभी राहिली. खुद्द फ्रीडमन स्पर्धा परीक्षेतून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर रटगर्स विद्यापीठात शिकले, आणि न्यू जर्सी राज्याची त्या विद्यापीठाला मिळणारी मदत मुख्यतः अशा शिष्यवृत्त्यांच्याच रूपाने येत असे. मंदीच्या काळात १९३५ साली त्यांना नोकरी मिळाली ती रूझवेल्ट सरकारच्या समितीत!

प्रतिपक्ष म्हणेल, हे लोक स्वखुशीने आले, म्हणजे मागे टाकले त्यापेक्षा शिवणखाना बरा होता. मान्य. परंतु दंगलीपेक्षा बरे असणे हा कारखान्याचा गुण नव्हे. आणि तो सहन करावा लागला म्हणून तो सुधारू नये, हे कोणते तर्कशास्त्र?

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. १९७० साली न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने आपले प्रवेश सर्वांना खुले केले. कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन मुले मोठ्या संख्येने आली. १९७५ साली शहर आर्थिक संकटात सापडले, आणि १९७६ साली शतकाहून अधिक काळ चालत आलेले मोफत शिक्षण संपले. आधीच्या पिढीची मुले जिने वर गेली, ती शिडी नव्या गरिबांची पाळी येताच काढून घेतली गेली. शिवणखाने मात्र राहिले. त्यांत आता चिनी आणि लॅटिन अमेरिकन स्त्रिया राबू लागल्या.

आपल्याकडे २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामगार संहितेत, विजेवर चालणाऱ्या उद्योगाला ‘कारखाना’ ठरविणारी कामगारसंख्या दहावरून वीस करण्यात आली. म्हणजे लोअर ईस्ट साइडच्या पुढच्या खोलीसारखे असंख्य लहान कारखाने त्या व्याख्येबाहेर राहिले. कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यूंच्या कष्टांची कथा सांगून कोणी संघटनेची निंदा करू लागला, तर त्याला नम्रपणे विचारावे : त्या मुलांची फी कोणी भरली? कामाचे तास कोणी कमी केले? आणि तो दरवाजा उघडा ठेवण्याचा कायदा किती मुली जळाल्यानंतर झाला?