शिक्षकांचे प्रशिक्षण आणि बहुजनांच्या पोरांची लेखणी

शाळेत नाव आहे, हजेरी आहे, वह्याही भरलेल्या आहेत. पण पोराला वाचता येत नाही. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत असो वा वसई पूर्वेच्या आदिवासी पाड्यांत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. फळ्यावरचे उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवणाऱ्या पोराला सांगा, "तुमच्या वस्तीत पाणी कुठून येतं ते चार ओळींत लिही." ते पेन खाली ठेवते. मग कुणी त्याच्या डोक्याला दोष देतो, कुणी आईबापाच्या अडाणीपणाला. ही भाषा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. आमचे म्हणणे वेगळे आहे. वाचायला-लिहायला कसे शिकवायचे, हे शिक्षकालाच कुणी नीट शिकवलेले नाही. त्याचा भुर्दंड भरते ते ज्याच्या घरी पुस्तकाचे कपाट नाही असे पोर. बाकीच्यांना शिकवणी आहे, शिकलेली आई आहे. शिक्षक कच्चा असला तरी ती तरून जातात.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते. शाळेत आलेल्या दर १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, असा हिशेब त्यांनी मांडला. आज मुले चौथीच काय, आठवीपर्यंत पोहोचतात. पण त्यांची मागणी नुसत्या वर्गोन्नतीची नव्हती. शाळेत आलेले मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडावे, ही होती. त्या कसोटीवर आपण कुठे आहोत?

शिक्षकाच्या तयारीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. सावित्रीमाई वर्गात उभ्या राहिल्या त्या आधी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्रशिक्षित शिक्षकांची मागणी केली, तेही शेतकरी वर्गातून आलेले, मुलांमध्ये मिसळणारे, त्यांच्या गरजा कळणारे. अशा प्रमाणित शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, हेही त्यांनी सांगितले. या शिक्षणाचे फळ काय असते? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो फळ्यावरून उतरवलेला नव्हता. मातंग समाजातली एक मुलगी आपले जगणे आपल्या शब्दांत मांडून व्यवस्थेला जाब विचारत होती. लेखन शिकवणे म्हणजे हे. बाकी सारे हस्ताक्षर.

आणि आज? आपल्याच जिल्ह्यातला पुरावा घ्या. वाडा तालुका आणि कर्नाटकातले यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा काही वर्षे अभ्यास झाला. डॉ. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा त्याचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात आणि उतरवण्यात जातो. अर्थ समजून घेणे, मनाचे लिहिणे याला फारशी जागाच नसते, असे त्यातून दिसले. म्हणजे आपण नकलाकार घडवतो. ज्याला फक्त नक्कल येते, तो वनहक्काचा दावा, रेशनचा अर्ज, पोलीस ठाण्यातली तक्रार दुसऱ्याकडून लिहून घेतो. दुसऱ्याने काय लिहिले ते त्याला वाचताही येत नाही. तो अंगठ्याऐवजी सही करतो एवढेच.

वसई-विरारमध्ये यात भाषेची भर पडते. इथले मूल घरात वारली बोलते, सामवेदी बोलते, वाडवळी बोलते, आगरी-कोळी बोलते, भोजपुरी बोलते. शाळेत पाऊल टाकताच त्याच्या तोंडचा शब्द 'अशुद्ध' ठरतो. ज्या सोपाऱ्यात १८८२ सालीच अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला, तिथे सम्राट लोकांशी प्राकृतात बोलत होता, संस्कृतात नव्हे. सम्राटाला जे जमले ते आमच्या पहिलीच्या वर्गाला का जमू नये? घरच्या बोलीतून प्रमाण मराठीकडे कसे न्यायचे, हे कौशल्य आहे. ते उपजत येत नाही, शिकवावे लागते.

प्रशिक्षणे होत नाहीत असे नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू झाले. तिसरीपर्यंतचे प्रत्येक मूल २०२६-२७ पर्यंत वाचते-लिहिते करायचे आहे. पण तास भरणे म्हणजे शिकणे नव्हे. सभागृहात स्लाइड बघायच्या, लिंक उघडायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. सोमवारी वर्गात पुन्हा तेच गिरवणे. वर निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहितीचे रकाने आहेतच. शिक्षकाला कारकून करायचे आणि निकाल मात्र शिक्षकाचा मागायचा, हा ढोंगीपणा आहे.

"इतक्या बोली, दोन वर्गांना एक शिक्षक, कसे जमणार?" असे विचारणाऱ्यांनी डहाणू तालुक्याकडे पाहावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम उभे केले. अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. साधने तुटपुंजी होती, पण मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात झाली. आजही वाड्याजवळच्या सोनाळ्यात 'क्वेस्ट' ही संस्था शिक्षकांसोबत वाचन-लेखनावर काम करते. ज्ञान जिल्ह्यातच आहे. कमी आहे ती ते शेवटच्या वर्गापर्यंत नेण्याच्या इच्छेची.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षण दोन दिवसांचा सोहळा नको. वर्षभर वर्गात येऊन सोबत शिकवणारा मार्गदर्शक हवा. केंद्रप्रमुखाने रजिस्टर तपासण्याआधी मुलांसोबत बसून वाचावे. प्रशिक्षणात शिक्षकाने स्वतः लिहावे, कारण जो स्वतः कधी मनाचे लिहीत नाही तो दुसऱ्याला काय लिहायला शिकवणार? शिक्षण परिषदेत परिपत्रकांऐवजी मुलांनी लिहिलेले कागद टेबलावर यावेत. महापालिका २००९ साली झाली, तरी शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. शाळा कुणाची या वादात प्रशिक्षणाची जबाबदारी लोंबकळता कामा नये.

आणि एक काम आपले. शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी त्या पालकांसोबत बैठकीला बसावे. रंगरंगोटीचा आणि स्नेहसंमेलनाचा विषय संपला की एकच प्रश्न विचारावा: "आमच्या पोराने स्वतःच्या मनाने लिहिलेले एक पान दाखवा." पान नसेल, तर ते का नाही आणि शिक्षकाला त्यासाठी काय मदत मिळाली, हे इतिवृत्तात नोंदवायला लावावे. 'शिका' हा पहिला शब्द भिंतीवर लिहून भागणार नाही. तो पोराच्या वहीत दिसला पाहिजे.

जय भीम!