जुन्या दुचाकीचे ब्रेक कुणाच्या भरवशावर?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु त्याआधी विकल्या गेलेल्या डिस्क ब्रेकच्या असंख्य मोटारसायकली आजही रस्त्यावर आहेत. त्यांचा कच्चा दुवा म्हणजे ब्रेकची रबरी नळी.

वयोमानाने रबर कमकुवत होते. नळी दाबाखाली फुगू लागली, की लिव्हरचा जोर कॅलिपरपर्यंत पुरेसा पोहोचतच नाही. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या लांब उतारावर हे ऑइल उकळून वाफ झाली, तर लिव्हर दाबूनही चाक थांबत नाही.

नळी बदलली, म्हणजे काम संपले असे नव्हे. जोडावरचे वॉशर नवे हवेत आणि आत शिरलेली हवाही पूर्ण काढावी लागते. लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपरवरील निपल सैल करायचा आणि लिव्हर सोडण्यापूर्वी तो घट्ट करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हाच क्रम. घाईत उरकण्याचे हे काम नाही.

अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यास सांगतात. खासगी दुचाकीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते आणि सक्तीची तपासणी त्यानंतर, नूतनीकरणाच्या वेळी होते. मधली सारी वर्षे मालकाच्या सजगतेवर सोडलेली आहेत. त्याने हेळसांड केली, तर किंमत पादचाऱ्यालाही मोजावी लागते. म्हणूनच नव्या वाहनांच्या नियमांइतकाच जुन्या वाहनांच्या नियतकालिक तपासणीचा विचार व्हायला हवा.