रणदुंदुभीची तबकडी

आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीतील घरास ओसरी नाही. चिरंजीवास वीजकेंद्राकडून मिळालेले हे घर. त्यात तीन पिढ्यांची सात माणसे दाटीने परंतु सुखाने नांदतात. मात्र रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे पुढल्या खोलीत सतरंजी पडते आणि त्या सतरंजीसच आम्ही ओसरी म्हणतो. गेल्या दिवाळीत या ओसरीवर जो वाद झाला, त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे. वाद गाण्याचा होता. परंतु त्याचा शेवट माझ्या एका जुन्या अपराधापाशी झाला, म्हणून तो सांगणे मला प्राप्तच आहे.

अमरावतीस आमच्या वडिलांचे आजोळ. तेथील जुना वाडा गेल्या वर्षी उतरविला, तेव्हा माळ्यावरील एक लाकडी पेटी आमच्या वाट्यास आली. पेटीत ग्रामोफोनच्या अकरा तबकड्या होत्या. त्यांपैकी चार तडकलेल्या, दोन पार झिजलेल्या आणि उरलेल्यांत एक अशी की, जिच्यावरील अक्षरे वाचून आमच्या आत्याबाई उठून बसल्या. आत्याबाई नव्वदीच्या घरात आहेत; सहसा कशाने उठून बसत नाहीत. तबकडी होती ‘रणदुंदुभि’ नाटकातील पदांची, आणि गायक मास्टर दीनानाथ मंगेशकर.

तरुण वाचकांकरिता दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या वऱ्हाडातील अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) हे देशभक्त म्हणून जितके ख्यात, तितकेच नाटककार म्हणूनही. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने गाजविले. त्यानंतरचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणिले. ही मंडळी दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली काढिली होती. पदांस चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि नायिका तेजस्विनीची भूमिका स्वतः दीनानाथांची. पारतंत्र्याच्या काळात स्वातंत्र्याची भाषा रंगभूमीवरून बोलणारे जे थोडे नाटककार, त्यांत वामनरावांची गणना होते.

आज नाट्यसंगीत म्हटले की सामान्य घरांत ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’ यांचीच नावे निघतात. ‘रणदुंदुभी’ची पदे लोकांस ठाऊक आहेत, नाही असे नाही, परंतु ती बहुधा मागाहूनच्या गायकांच्या कंठातून. ज्याने तो वेष चढवून ती पदे रंगभूमीवर म्हटली, त्याच्याच गळ्यातून ती ऐकलेली माणसे विरळा. अमेरिकेत १९४३ साली ‘ओक्लाहोमा’ या संगीत नाटकाची गाणी मूळ नटसंचाकडूनच गाववून डेक्का कंपनीने तबकड्यांचा एक संच काढिला, आणि तेथे त्या प्रकाराचे मोठे कौतुक झाले. आपल्याकडे गायकनट आपली रंगभूमीवरील पदे तबकडीवर त्याच्या कितीतरी आधीपासून देत आले होते. मात्र ती सुटी सुटी निघाली आणि सुटी सुटीच हरवली. एका नाटकाचा संच म्हणून ती क्वचितच कोणी जपली.

तबकडी मिळाली, परंतु वाजवावी कशावर? वसाहतीतील एका निवृत्त तंत्रज्ञांकडे किल्लीचा ग्रामोफोन आहे, असे सूनबाईने शोधून काढिले. त्यांनी तो आणून दिला. पहिल्या दिवशी पद लागले मात्र, आमचे वडील बंधू दादा यांनी कान झाकले. “हा कसला आवाज! रेड्याच्या मुखातून वेद वदविले, तसे हे गाणे!” आवाज खरोखरच जड व ओढल्यासारखा येत होता. दादांनी निकाल देऊनही टाकिला की, दीनानाथांची कीर्ती ऐकीव आहे, प्रत्यक्षात काही नाही.

चिरंजीवाचा मुलगा यंत्रविद्येचा विद्यार्थी. त्याने तबकडीच्या कडेस खडूची खूण केली, घड्याळ लावून फेरे मोजिले आणि म्हणाला, “आबा, ही मिनिटास बहात्तर फेरे घेते आहे, हिला अठ्ठ्याहत्तर पाहिजेत.” स्प्रिंग थकली होती. फेरे कमी झाले की लय मंदावते, हे कोणासही कळेल. परंतु स्वरही उतरतो, आणि या हिशेबाने तो अर्ध्या स्वराहून अधिक उतरला होता. स्प्रिंगेस तेल मिळाले, नियंत्रकाचा स्क्रू फिरला, आणि दुसऱ्या दिवशी तीच तबकडी जेव्हा नीट वेगाने फिरली तेव्हा खोलीत वीज चमकावी तसे झाले. ती तान! कोठून उठली आणि कोठे उतरली हे कळण्यापूर्वीच समेवर येऊन उभी. दादांनीही कानांवरचे हात काढिले. यंत्र तपासल्याशिवाय गवयास दोष देऊ नये, एवढा धडा तर सर्वांनीच घेतला.

परंतु खरा वाद पुढेच होता. पदाचा विषय परवशतेचे दुःख. दादांचे म्हणणे असे : “दुःख म्हटले की करुण. मम्मटाने माधुर्यगुण शृंगारात सांगितला आणि करुणात तो अधिकच सांगितला. चित्त द्रवले पाहिजे. बालगंधर्व रडू लागले की नाटकगृह रडे. येथे हा गायक दुःख सांगतो आहे की तलवार फिरवितो आहे?” दादांनी आयुष्यभर बालगंधर्वांच्या तबकड्यांची उपासना केली आहे, तेव्हा त्यांचा हा पक्ष अनपेक्षित नव्हता.

मी उत्तर दिले ते असे. दुःख सर्वच करुण नसते. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना करुणास निरपेक्ष म्हटले आहे आणि विप्रलंभास सापेक्ष. म्हणजे जेथे आशा संपली तेथे करुण, जेथे पुनर्मिलनाची अपेक्षा उरली आहे तेथे विप्रलंभ. हाच न्याय देशाच्या दुःखास लावून पाहावा. मेलेल्याचा शोक आणि बांधलेल्याचा शोक एक नव्हे. बांधलेला सुटू शकतो. म्हणून त्याच्या दुःखाच्या तळाशी उत्साह असतो, आणि उत्साह हा वीराचा स्थायीभाव. वीराचा गुण ओज. त्याने चित्त द्रवत नाही, प्रदीप्त होते. तेजस्विनी हे नावच पाहा. ती रडू लागली तर नाव फुकट! वामनरावांनी जे लिहिले तेच दीनानाथांनी गाइले.

सूनबाई गाण्याच्या दोन परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे. ती म्हणाली, “मामंजी, ओज मान्य, परंतु ही तबकडी म्हणजे नाटक नव्हे. तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू संपते. रंगभूमीवर वन्समोअर पडत, तेच पद पाव-पाव तास चाले. येथे समोर प्रेक्षक नाही, घड्याळ आहे. ही घाई गायकाची की तबकडीची, हे कशावरून ठरवावे?” शंका मार्मिक होती. मी म्हटले, तबकडीने लांबी ठरविली असेल, स्वभाव ठरविला नाही. बालगंधर्वांसही तेवढीच मिनिटे मिळत. ते घाई करीत नाहीत. साच्याचे पाणी साच्याइतकेच, परंतु गोडी विहिरीची. तिला हे पटले. मात्र आणखी एक गोष्ट तिने सुनावली ती मीही विसरू शकत नाही : “स्त्रीचे शौर्य दाखविले, तेही पुरुषाच्याच गळ्यातून!” यावर आम्हां दोघां भावांपाशी उत्तर नव्हते. स्त्रियांस रंगभूमी मोकळी व्हावयास पुढे किती वर्षे लागली आणि हिराबाई बडोदेकरांसारख्यांना त्याकरिता किती बोल सोसावे लागले, हे आठवून आम्ही गप्प राहिलो.

तेवढ्यात इतका वेळ माळ ओढीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “अरे, वाद कसला घालता? नाना असेच तर म्हणत असत.”

नाना म्हणजे आमचे वडील. लहानपणी सुटीत अमरावतीस मामांकडे जात, तेव्हा हीच तबकडी लावून लावून त्यांनी ते पद बसविले होते. नाटक त्यांनी पाहिले नव्हते. त्यांचा गुरू ही तबकडी. पुढे दर गणपतीत पेटी घेऊन ते हे पद म्हणत. स्वर तुटक, जागा झपाट्याच्या, मध्येच उडी घेऊन वर जाणारी तान. मला तेव्हा विसावे वर्ष होते. मॅट्रिक होऊन संस्कृताचे दोन-चार ग्रंथ गुरुजींपाशी वाचले होते, आणि बालगंधर्वांच्या दोन तबकड्या ऐकून संगीतही कळते असा समज झाला होता. १९७८ च्या गणपतीत पाचपन्नास माणसांसमक्ष मी म्हणालो, “नाना, हे गाणे नव्हे, ही कवाईत झाली.” लोक हसले. नानाही हसले. त्यांनी भाता लावून पेटी बंद केली. त्यानंतर एकोणीस वर्षे ते होते. आरती म्हणत, अभंग म्हणत, परंतु ते पद त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकिले नाही.

मी समजत होतो की माझी दुरुस्ती त्यांस पटली.

आता तबकडी पुन्हा लावली. या खेपेस कोणी बोलले नाही. जेथे मला उडी वाटे तेथे मूळ गायकाची उडी होती. जेथे मी तुटकपणा म्हणे तेथे मूळ गायकाने स्वर तसाच फेकला होता. नानांच्या गळ्यास ती गती पेलत नसे, हे खरे. परंतु ते चुकत नव्हते, ते पाठ म्हणत होते. मी ज्यास दोष म्हटले ती निष्ठा होती. शाकुंतलाचे बंगाली, काश्मीरी, दाक्षिणात्य असे निरनिराळे पाठ आहेत, आपणांस परिचित नसलेला पाठ अशुद्ध म्हणू नये, असे मी छत्तीस वर्षे मुलांस शिकविले. आणि घरातल्या पाठास मात्र एका वाक्यात अशुद्ध ठरविले. दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेविला. ते एवढेच म्हणाले, “मीही हसलो होतो.” तथापि दीनानाथांपेक्षा बालगंधर्व थोर हे त्यांचे मत अद्याप कायम आहे, आणि ते असू द्यावे. नानांसही त्यात वावगे वाटले नसते.

आत्याबाईंना मी विचारिले, “नाना रागावले होते का गं?” त्या म्हणाल्या, “रागावले नाहीत. पोरगं शिकलं, म्हणाले.” यावर काय लिहावे?

त्या रात्री नातवाने आत्याबाईंना नानांच्या धाटणीने म्हणावयास लाविले आणि ते मोबाईलवर उतरवून घेतले. दम पुरेना; दोन ओळींत त्या थांबल्या. परंतु ती उडी तेवढी त्यांनी घेतली.

जाता जाता, ज्या घरांत अशा तबकड्या असतील त्यांच्यासाठी चार उपयुक्त गोष्टी सांगतो. जुनी तबकडी लाखेची असते. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचे ते मिश्रण. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम यांवर पोसतात, आणि ही झाडे आमच्या या झाडीमुलखात रानोमाळ आहेत. ज्या लाक्षेने कौरवांनी पांडवांकरिता घर बांधिले तिच्यातच गवयांचे स्वर राहावेत, हे मला मोठे नवल वाटते. परंतु लाख उष्णतेने मऊ होते. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हा तबकड्या माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नयेत. आडव्या रचून त्यांवर भार घालू नये. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. स्पिरिटाने कदापि पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढावी. पोलादी सुई दर बाजूस नवी घ्यावी. आणि एकदा चांगल्या यंत्रावर, नीट वेगाने लावून ध्वनी उतरवून घ्यावा, म्हणजे तबकडी वारंवार झिजवावी लागत नाही.

आणखी एक. आमच्या झाडीपट्टीत आजही दिवाळीनंतर गावोगाव रात्र-रात्र नाटके होतात, पेटी-तबल्यावर पदे होतात. तेथील एक नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेथे म्हातारे जे गातात ते पुष्कळांस वेडेवाकडे वाटते. मलाही वाटे. आता मी मागल्या रांगेत बसून आधी ऐकतो.

वाचकहो, आपल्या घरात कोणी आजोबा, कोणी आत्या जुने पद आपल्या रीतीने म्हणत असतील, तर त्यांस दुरुस्त करण्यापूर्वी एवढे विचारावे : हे आपण कोणापासून घेतले? कदाचित त्याची तबकडी कोठल्यातरी माळ्यावर असेल. आणि नसली, तर ती माणसे हीच तबकडी.