जेवलात का?

एका कंपनीकडून काम आलं: एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी बोलणाऱ्या यंत्राची 300 वाक्यं मराठीत आणायची. (पैसे बरे होते.) पहिलंच वाक्य, ‘आज आपको कैसा लग रहा है?’ मराठीत असं डॉक्टर विचारतात. घरचं माणूस विचारतं, ‘जेवलात का?’ मी तेच लिहिलं. उलट निरोप आला: बदला, आजी ‘नाही’ म्हणाल्या तर यंत्राने पुढे काय करायचं?

माझं भांडण इथेच आहे. ‘नाही’ ऐकल्यावर विचारणाऱ्याला उठून पान मांडावं लागतं. ज्याला उठता येणार नाही, त्याने विचारू नये.

जपानच्या पॅरोला मी हसणार नाही. सीलचं ते यांत्रिक पिल्लू 2005पासून विकलं जातंय, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण त्याला कुरवाळून शांत होतात. ते बोलत मात्र नाही. माझ्या यादीत वाक्य होतं, ‘मला तुमची आठवण येत होती.’ यावर सांगतात, लोकांना कळतं हो यंत्र आहे ते. 1966मध्ये वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवादाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो बनताना त्यांच्या सेक्रेटरीने डोळ्यांनी पाहिला होता, तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. कळण्याने काही अडत नाही.

माझी मावशी गाझियाबादला वैशालीत, नवव्या मजल्यावर एकटी राहते. काका गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी नाही. तिला वाक्यं वाचून दाखवली. म्हणाली, ‘बोलू दे की गं. तू तरी कुठे रोज येतेस?’

खरंच आहे. नोएडाहून मी पंधरा दिवसांतून एकदा जाते. म्हणून तर हे यंत्र मावशीसाठी नाही. रात्री निवांत झोप हवी असलेल्या माझ्यासारख्या भाच्यांसाठी आहे. गरीब म्हाताऱ्यांचा तर यात विचारच नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा कित्येक वर्षं महिना 200 रुपयांवर थांबलाय. त्यात कुठली मोटार आणि कुठला आवाज!

गोळ्यांची वेळ, गॅस बंद केल्याची आठवण, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567 हा नंबर, एवढी वाक्यं मी करून दिली. आठवण येण्याचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘मी यंत्र आहे. तुमच्या भाचीला फोन लावू का?’

त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.