मनात आणलं की सुटते म्हणे!

"मनात आणलं तर दारू सुटते हो!" हे वाक्य एका मित्राच्या बाबतीत मी स्वतः इतक्या वेळा फेकलंय की आता लाज वाटते. तो तिसऱ्यांदा प्यायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी 'त्याच्यात दमच नाही' म्हणून विषय क्लोज केला. सर्व्हर तिसऱ्यांदा पडला तर आपण लॉग बघतो, त्याचं चारित्र्य काढत नाही. माणसाचं मात्र लगेच काढतो.

अमेरिकेत कोणीतरी हे लॉग बघितलेत. 'कम्बाइन' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ११ केंद्रं, दारूच्या आहारी गेलेले १,३८३ लोक, १६ आठवडे उपचार. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, समुपदेशन आणि खोट्या गोळ्या यांची कॉम्बिनेशन्स करून नऊ गट. (एवढं टेस्टिंग मागितलं तर आमचा मॅनेजर झीट येऊन पडेल.) आठ गटांना गोळ्यांसोबत डॉक्टर किंवा नर्सच्या नऊ भेटी. गोळी घेतली का, किती प्यायलात, त्रास होतोय का, एवढंच. पहिली भेट पाऊण तास, पुढच्या वीसेक मिनिटं.

या भेटींच्या जोडीला नाल्ट्रेक्सोन किंवा समुपदेशन, दोन्हींपैकी काहीही एक दिलं तरी फायदा झाला. दोन्ही एकत्र देऊन जास्तीचं काही हाती लागलं नाही. अकॅम्प्रोसेट या परीक्षेत नापास. आणि मला चक्रावणारी गोष्ट म्हणजे नववा गट. त्यांना नुसतं समुपदेशन, ना गोळी ना भेटी. समुपदेशनासोबत भेटी आणि खोटी गोळी मिळालेले लोक त्यांच्यापेक्षा बरे राहिले!

म्हणजे फॅमिली डॉक्टरला जमेल असं हे काम आहे. पण आपले डॉक्टर शुगर विचारतात आणि दारूचं "जरा कमी करा" वर उरकतात. मग घरचे भिंतीवरची 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात वाचून चहात पावडर कालवतात. ज्याचा आजार, त्यालाच पत्ता नाही! संतापजनक आहे हे.

"पण उपचार थांबल्यावर वर्षभरात फरक पुसट झाला ना?" झाला. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर काकांना नालायक म्हणता का?

असो. काल मित्राला फोन केला. "लेक्चर देणार असशील तर ठेव," म्हणाला. नाही दिलं. शनिवारी अकराची अपॉइंटमेंट आहे, मी सोबत जातोय.